आपला आज्ञाधारक सेवक

घरमालक खालच्या मजल्यावर आणि भाडेकरू वरच्या मजल्यावर राहत असेल, तर दोघांत बोलायला एक जिना पुरतो. आमचे घरमालक म्हणजे काका. त्यांना तो पुरत नसे. ते मला पोस्टकार्ड टाकत. खालून वर. कार्ड कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पडे, तिथून मोठ्या पोस्टात जाई, शिक्का खाई आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या दारात येई. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपल्या न्हाणीघरातील नळ आज सकाळपासून ठिबकत असल्याचे निदर्शनास आले आहे." हे माझ्या निदर्शनास येईपर्यंत गच्चीवरची टाकी दोनदा रिकामी झालेली असे. एकदा मी चिडून खाली गेले.

"काका, एक हाक मारली असती तर?"

"हाक मारल्याचा पुरावा राहतो का कुठं?" काका शांतपणे म्हणाले.

काका रेल्वे मेलमध्ये सॉर्टर होते. धावत्या गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रं गावोगावच्या खणांत टाकायची, अशी ती नोकरी. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, काकांनी सुतार बोलावला आणि बैठकीच्या खोलीत भिंतभर तसलेच खण करून घेतले. प्रत्येक खणावर स्टेशनाचं नाव. इगतपुरी, देवळाली, नाशिकरोड, निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, असं थेट भुसावळपर्यंत. घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या स्टेशनात उतरलेली. रक्तदाबाच्या गोळ्या नांदगावला, विजेची बिलं इगतपुरीला, काकूंच्या केसांच्या पिना निफाडला, कारण काकूंचं माहेर निफाडचं. अंघोळ झाली की न्हाणीघरातून आरोळी येई, "भुसावळातून माझा बनियन आण गं!" नवीन माणूस दचकायचा.

मी देवळ्याची. नाशिकला एका सरकारी ऑफिसात मराठी टंकलेखनाच्या जागेवर लागले आणि आईला घेऊन खोली बघायला गेले. इतर घरमालकांनी मला जात विचारली होती, मटण खाता का विचारलं होतं, मित्रबित्र येणार का तेही विचारलं होतं. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"जोडाक्षरं नीट टाइप करता येतात?"

आई जिना उतरताना माझ्या कानाशी लागली, "म्हातारा भला शे, पन येडा शे." आईचा माणसांचा अंदाज सहसा चुकत नाही.

जोडाक्षरांचं प्रयोजन मला महिन्याभरात कळलं. काका एकदा वर्तमानपत्रांची रद्दी घालायला गेले होते आणि येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले होते. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली. काकू आजही ती गोष्ट सांगतात, "रद्दी घालायला गेले नि रद्दी घेऊन आले." पुस्तकात अमेरिकेच्या अगदी पहिल्या पुढाऱ्यांची एकमेकांना लिहिलेली पत्रं होती. इंग्रजांशी लढाई चालू असतानाची, तह करतानाची, आणि मग म्हातारपणी ती लढाई नक्की जिंकली कोणी यावर हुज्जत घालतानाची. काकांनी ही पत्रं मराठीत आणायचं ठरवलं. का, ते कोणी विचारू नये. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. दर रविवारी सकाळी ते खाली येरझाऱ्या घालत तोंडी सांगत, आणि मी माझ्या लॅपटॉपवर टाइप करी. त्या बदल्यात काकू मला जेवायला घालत. काकूंच्या हातची भरली वांगी खाल्लेल्या माणसाला अमेरिकेच्या इतिहासाची तक्रार करता येत नाही.

नावं काकांनी सरसकट बदलली. "परदेशी नावं वाचकाच्या घशात अडकतात," म्हणाले. सेनापतींचे झाले जनरलसाहेब. त्यांच्यामागून राष्ट्राध्यक्ष झालेल्या दोघांपैकी एक होते बुटके अण्णा आणि दुसरे उंच तात्या. अण्णा गोल, तापट, मनात येईल ते कागदावर ओतणारे. तात्या गुळगुळीत. कधी चिडणार नाहीत, कधी पकडीत येणार नाहीत. काका अण्णांचे. तात्यांची पत्रं सांगताना त्यांचा आवाज आपोआप खवट व्हायचा.

खरी पंचाईत होती मायन्याची. "मायना चुकला की पत्र चुकलं," हे काकांचं ब्रह्मवाक्य. एक राष्ट्राध्यक्ष दुसऱ्याला काय लिहील? राजमान्य राजश्री? तीर्थस्वरूप? अण्णा वयानं मोठे, मग तात्यांना चिरंजीव म्हणावं का? एक अख्खा रविवार यात गेला. अण्णांनी लढाईच्या दिवसांत बायकोला लिहिलेल्या पत्रांत तर तिला मायन्यातच जिवलग मित्र म्हटलेलं होतं. ते ऐकून काकू हातातलं वांगं ठेवून बाहेर आल्या.

"बघा. लढाई चालली नि त्या माणसाला मायना सुचतोय. तुम्ही मला इतक्या वर्षांत 'अगं'च्या पुढं गेला नाहीत."

"तिनं त्याला उलट टाचण्या मागितल्यात," काका म्हणाले. "लढाईमुळं टाचण्या मिळत नाहीत म्हणून."

"बरोबर हाय तिचं. मायन्यानं पातळ थोडंच टाचता येतं?"

पत्रांचा शेवट मात्र काकांना फार आवडायचा. जनरलसाहेब छावणीतून लिहितात, सैन्याच्या पायात बूट नाहीत, घोंगड्या नाहीत, तुम्ही तिकडं बसून करताय काय, आणि खाली सही करतात, आपला आज्ञाधारक सेवक. ज्याचा गळा दाबावासा वाटतो त्याचंही आज्ञाधारक सेवक. काकांनी ही रीत तात्काळ उचलली. शेजारचे वकील आपली गाडी आमच्या फाटकासमोर लावत. त्यांना कार्ड गेलं. "आपण कायद्याचे जाणकार आहात असे आपल्या दारावरील पाटीत म्हटले आहे. तरी एक तर पाटी काढावी, अथवा गाडी. आपला आज्ञाधारक सेवक." वकिलांनी गाडी काढली आणि पुढं महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, जुनी माणसं किती नम्र असतात बघा.

सॉर्टरला इतिहास सॉर्टरसारखाच दिसतो. अण्णा-तात्यांच्या हयातीत इंग्रजांशी आणखी एक युद्ध झालं. समुद्रापलीकडं तह झाला, सह्या झाल्या, पण ती बातमी घेऊन येणारं जहाज वाटेत होतं. तोवर इकडं एक मोठी लढाई लढली गेली आणि माणसं मेली. हे सांगताना काका येरझाऱ्या थांबवून उभे राहिले.

"टपाल वेळेवर पोचलं असतं तर ती पोरं घरी गेली असती," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आता मनमाडकर. त्या खणांमध्ये मनमाडचा खण कायम रिकामा असे. मी एकदा त्यात माझी छत्री ठेवली तर काकांनी ती उचलून चाळीसगावला टाकली. काकूंकडून मग कळलं. मनमाडला काकांचा एक दोस्त होता, त्याच डब्यातला, शेजारी उभा राहून पत्रं लावणारा. दोघांनी मिळून त्यांच्या शाखेचा संप केला होता. फार जुनी गोष्ट, काकूंचं नुकतंच लग्न झालेलं. काका त्या संपाला "आमचं युद्ध" म्हणत. संप मोडला, पुष्कळ जणांच्या नोकऱ्या लटकल्या. मनमाडकर सव्वा वर्ष बाहेर होते. निफाडला द्राक्षांच्या पेट्यांना खिळे ठोकून त्यांनी दिवस काढले. काकांचं मात्र वेगळंच घडलं.

"मला साहेबांनी घरी माणूस पाठवून बोलावून घेतलं," काका सांगत. "टपालाचा डोंगर झाला होता. उपसणार कोण? म्हणाले, तुमच्याशिवाय लाइन चालत नाही."

हे मी निदान दहा वेळा ऐकलं. दर वेळी डोंगर थोडा उंच व्हायचा.

त्यानंतरही दोस्ती टिकली होती. तुटली ती खूप उशिरा, आणि एका शब्दावरून. दोघं निवृत्त झाल्यावर युनियननं स्मरणिका काढली. संपावरचा लेख मनमाडकरांनी लिहिला. काकांनी मला ते पिवळं पान दाखवलं. सात-आठ नावं ठळक छापलेली, आणि मग, "आदी मंडळी अग्रभागी होती." त्याखाली लाल पेन्सिलीची रेघ, तीही दोनदा ओढलेली.

"मी आदी मंडळी!" काका म्हणाले. "पहिली सभा माझ्या घरी झाली. पत्रकं मी वाटली. आणि मी आदी मंडळी! लग्नाच्या पत्रिकेत सुद्धा चुलत मामाचं नाव येतं गं."

तेव्हा मला काका अण्णांचे का, ते समजलं. बुटक्या अण्णांनाही आयुष्यभर हीच धास्ती. लढाई सगळ्यांनी मिळून केली, पण पुढं नाव राहणार जनरलसाहेबांचं आणि उंच तात्यांचं, आपण आदी मंडळीत. याच खुन्नशीत आणि एका निवडणुकीच्या भांडणात ते दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मग एका डॉक्टर मित्रानं मध्ये पडून पडून अण्णांना लिहायला लावलं. अण्णांनी चेष्टेनं लिहिलं, घरच्या मागावरचे दोन नग पाठवतोय. ते नग म्हणजे त्यांच्या मुलानं लिहिलेल्या ग्रंथाचे दोन भाग. पण पत्र गेलं पुढं आणि पार्सल राहिलं मागं. तात्यांना वाटलं खरंच कापड येतंय. त्यांनी उत्तरात आमच्या गावी सूत कसं कातलं जातं, माग किती आहेत, याची सविस्तर माहिती कळवली. काका हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अकरा वर्षांचा अबोला, आणि तो मोडला तो येवल्याच्या विणकरांनी बोलावं तशा गप्पांनी.

पेन्शनरांच्या बैठकीत काकांना कळलं की मनमाडकरांच्या हृदयाचं दोनदा काहीतरी झालंय. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"तो गेला तर ते तसंच राहील," मला म्हणाले. "छापलेलं. मला त्याच्या हातचं शुद्धिपत्रक पाहिजे. तो जायच्या आत, नाहीतर मी जायच्या आत."

"मग फोन करा ना."

"फोनवर शुद्धिपत्रक देतात?"

पहिलं पत्र लिहायला तीन आठवडे लागले. त्यातले अडीच मायन्यात गेले. शेवटी नुसतं "प्रिय दोस्ता" झालं आणि मजकूर दोन ओळींचा. "आपलं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं आहे. आता ते वाळत घालावं असं वाटतं. तुझं म्हणणं कळव."

आठव्या दिवशी मनमाडहून उत्तर आलं. काकांनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "पत्र पावले. घोंगडे माझे नव्हे. डब्यात जे घोंगडे होते ते सरकारी असून मी ते निवृत्तीच्या वेळी जमा केले आहे. पावती माझेपाशी आहे."

मी जमिनीवर बसून हसले. काकू वांगी चिरायचं सोडून हसल्या. काका मात्र हरखले होते. "तेच! अगदी तेच झालं तिथंही! अण्णांनी कापड म्हटलं नि तात्या सुतावर गेले!" आता, मराठी माणसाला भिजत घोंगडं कळू नये, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. मनमाडकरांना सगळं कळलं असणार. त्यांना बोलायचं नव्हतं, पण पत्र मात्र लिहायचं होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या पत्रात काकांनी वाक्प्रचार टाळला. सरळ विचारलं, माझं नाव का गाळलंस? शुद्धिपत्रक कधी देतोस?

याचं उत्तर यायला महिना लागला आणि आलं तेव्हा काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यांवर काळा गॉगल, वाचायला सक्त मनाई. मला हाक मारली. पोस्टकार्ड नाही, हाक. आदल्या दिवशी आलेलं जाड पाकीट होतं. मी फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"तुझं नाव मी गाळलं नाही. झाकलं. स्मरणिकेत दोन याद्या छापायच्या असं कमिटीनं ठरवलं होतं. एक, शेवटपर्यंत बाहेर राहिले त्यांची. दुसरी, माफीपत्रावर सही करून परत गेले त्यांची. दुसऱ्या यादीत तुझं नाव वरून दुसरं होतं. मी कमिटीला म्हणालो, ही यादी छापणार असाल तर लेख मी लिहीत नाही. मग तोड निघाली. त्या यादीतली सगळी नावं मी आदी मंडळीत घातली. कोण कोण ते कोणाला कळू नये म्हणून. आता शुद्धिपत्रक काढायचं तर कसं काढू, ते तूच सांग."

असलं पत्र आपण वाचायला नको होतं, असं मला वाटलं आणि जिन्यानं वर पळून जावंसंही वाटलं. काकूंनी आतल्या नळाचं पाणी बंद केलं होतं. गॉगलमुळं काकांचे डोळे दिसत नव्हते.

"पुढं?"

"संपलं, काका."

"बरं," ते म्हणाले. "जा तू. ऑफिसला उशीर होईल."

तो रविवार होता.

त्यानंतर आठवडाभर त्या घराची लाइन बंद पडल्यासारखी होती. अनुवाद थांबला. रक्तदाबाच्या गोळ्या चाळीसगावला सापडल्या, बनियन कुठंच सापडेना. मला राग आला होता, हेही सांगून टाकते. एवढी वर्षं डोंगराची गोष्ट सांगितलीत, आणि ज्यानं लाज राखली त्याच्याशी अबोला धरलात! आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाजही वाटली, कारण मी कधी संप केलेला नाही. ऑफिसात साहेबांनी नुसतं वर बघितलं तरी माझी जोडाक्षरं चुकतात.

मग एका दुपारी काका गॉगल लावून, कागदाला नाक टेकवून स्वतःच लिहीत बसलेले दिसले. डॉक्टरांनी बघितलं असतं तर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायला नकार दिला असता.

"द्या, मी टाइप करते."

"हे टाइप करायचं नाही."

पाकीट त्यांनी स्वतः पेटीत टाकलं. पाचव्या दिवशी फाटकाशी रिक्षा थांबली आणि एक उंच, वाळलेले गृहस्थ काठी टेकत आत आले. काकू पदर सावरत पुढं झाल्या. "या भावजी," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. काका खुर्चीतून उठले नाहीत. मी खालीच होते, निघू लागले तर काकांनी हातानं बस म्हणून खुणावलं.

मनमाडकर समोर बसले. खणांवरची नावं इगतपुरीपासून भुसावळपर्यंत त्यांनी सावकाश वाचली. मग खिशातून पाकीट काढलं.

"पत्र मिळालं. पन वाचता नाय आलं. लय गिचमिड हाय."

या माणसानं डुलत्या डब्यात, मिणमिणत्या दिव्याखाली, तीस वर्षं अख्ख्या खानदेशाचं अक्षर वाचलं होतं. काकांनाही ते ठाऊक होतं.

"तूच वाचून दाखव," मनमाडकर म्हणाले.

"माझा चष्मा यायचाय अजून."

"मग बिनचष्म्याचं वाच. लिहिलं तू, तुला ठाऊकच आसंल."

मी हात पुढं केला. काकांनी मान हलवली आणि कागद स्वतः घेतला. हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. मग वाचू लागले. आवाज रोजचाच होता, रविवारी अमेरिकेची पत्रं सांगायचे तो.

"प्रिय दोस्ता. साहेबांनी मला बोलावलं नव्हतं. घरी कोणी माणूस आला नव्हता. संपाच्या नवव्या दिवशी मी आपल्या पायांनी ऑफिसात गेलो आणि सही केलेला कागद देऊन आलो. तू निफाडला खिळे ठोकत होतास तेव्हा मी तुझ्या जागेवर उभा राहून तुझ्या खणांत पत्रं टाकत होतो. तुला ठाऊक होतं आणि तू कधी बोलला नाहीस, म्हणून मला वाटत राहिलं की ठाऊक नसेल. शुद्धिपत्रक नको. मला भीती वाटली होती."

त्यांनी कागदाची घडी घातली. घडी नीट पडेना, म्हणून पुन्हा घातली.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"पेन मी दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"तू कशाला मध्ये बोलतेस?" काका म्हणाले.

"का नाय बोलू? चार महिने झाले होते लग्नाला, भावजी. नोकरी गेली आसती तर मी माहेरी कुठल्या तोंडानं गेले आसते? हे घरभर पेन शोधत होते, सापडत नव्हतं. मीच फळीवरून काढलं नि हातात दिलं. इतकी वर्षं ह्यांनी माझं नाव घेतलं नाय, म्हणून मीबी गप्प बसले."

मनमाडकरांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"वहिनी, भीती काय ह्याला एकट्यालाच वाटली का?" ते म्हणाले. "मीबी शोधत होतो. आमच्या घरात पेनच नव्हतं."